माती न खावो

खाली बंदरावर, लिमानीला जायचं नक्की झालं तेव्हा कालिरोईने सगळ्यात आधी सुतार गाठला. मुलाला सांगितलं नंतर आणि पाद्र्याला सगळ्यात शेवटी. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पितळी कड्या, झाकणावर कोरलेलं नाव: मिनास फ्रांगूलिस. वरच्या गावात सगळ्यांची हाडं पत्र्याच्या डब्यात असतात आणि आजवर एकाही मेलेल्याने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. पण कालिरोईला पेटीच हवी होती. पत्र्याचा डबा कोणी वळून बघत नाही, पेटी गावातून मिरवत नेता येते.

नवरा तिला परत मिळणार होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मिनास डोंगर उतरून बंदरावरच्या अनेझिनाकडे गेला, तिथेच राहिला, तिथेच मेला आणि तिथल्याच मातीत गेला. आता तीन वर्षं भरली होती. आमच्या बेटावर मेलेल्यालाही जागा कायमची मिळत नाही. तीन वर्षांनी कबर उघडायची, हाडं वाइनने धुवायची, चर्चच्या अस्थिघरात ठेवायची आणि खड्डा पुढच्यासाठी मोकळा करून द्यायचा. लिमानीच्या चर्चने निरोप पाठवला तो लग्नाच्या बायकोला, कारण घटस्फोट कालिरोईने कधी दिलाच नव्हता. तो मागायला आलेल्या वकिलाला तिने शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत पिटाळलं होतं. तेव्हा हाडं तिची. जिवंत मिनासने जे केलं नाही ते आता त्याची हाडं करणार होती, दिवेलागणीच्या आत घरी येणार होती. गावातल्या बायका चौकात जमणार होत्या, घंटा वाजणार होती, अस्थिघरात कालिरोईच्या ठरलेल्या कोनाड्याशेजारचा कोनाडा झाडूनपुसून ठेवला होता. आणि हे आजच व्हायला हवं होतं. डॉक्टरने तिच्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते ऐकून आल्यावर तिने पुढच्या हिवाळ्याची लाकडंसुद्धा मागवली नव्हती.

सकाळी याकूमिसने व्हॅन काढली. एरवी ही व्हॅन उन्हाने भाजून लाल झालेल्या परदेशी पाहुण्यांना वर आणते, आमच्या म्हाताऱ्यांचे फोटो काढू देते आणि परत खाली सोडते. आज म्हातारीच पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर पेटी घेऊन.

"आई, पेटी मागे ठेवू का?"

"का? गिअर टाकायला माझी मांडी मधे येते का तुझ्या?"

"सासूबाई, पट्टा तरी लावा," मागून वासो म्हणाली.

"ज्याला बांधून ठेवायला हवं होतं तो सुटून गेला. आता मला बांधून तुला काय मिळणार?"

वासो बेटाबाहेरची, पिरेअसची. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं की बेटावर समुद्र असतो. मग कळलं की समुद्र लिमानीला असतो आणि फ्रांगूलिसांच्या सुनेने लिमानीला जायचं नसतं. सासू स्वतः तर अठ्ठावीस वर्षांत एकदाही खाली उतरली नव्हती. दाढ ठणकायला लागली तेव्हा दाताचा डॉक्टर लिमानीला आहे म्हणून तिने ती गावातल्या न्हाव्याकडून उपटून घेतली होती आणि पुढे आठवडाभर सुजलेला गाल घेऊन तिने सगळ्या गावाला दर्शन दिलं होतं. वासोच्या मांडीवर श्राद्धाच्या गोड गव्हाचं ताट होतं, वर साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. व्हॅन प्रत्येक वळणावर कलंडत होती आणि वासो मनात म्हणत होती की या घरातल्या सगळ्या गोष्टी अशाच दोन्ही हातांनी धराव्या लागतात.

शापाची गोष्ट तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवली होती. ऑगस्टातला मेरी माउलीचा सण, चर्चच्या आवारात अख्खं गाव, आणि मिनास सूटकेस घेऊन बसमध्ये चढतोय. कालिरोई पायरीवर उभी राहून ओरडली, "माती तुला न खावो, मिनास!" बस सुटायची थांबली म्हणे. आमच्याकडे मर म्हटलं तर कोणी फारसं मनावर घेत नाही, मरायचं सगळ्यांनाच असतं. पण माती न खावो म्हणजे मेल्यावरही सुटका नाही. हा शाप आमच्या घरात पदकासारखा जपून ठेवला होता आणि पाहुणा आला की बाहेर काढला जायचा. वासोचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिचा विश्वास फक्त औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंवर.

वासोच्या शेजारी कालिरोईची मुलगी फोतिनी बसली होती. तिच्या पायाशी वाइनच्या बाटल्या होत्या आणि मांडीवर पांढरं कापड, तिने स्वतः शिवलेलं. बाप घर सोडून गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. त्या दिवशी घरात कायदा झाला की या घरातलं कोणीही त्याचं तोंड बघणार नाही. फोतिनीचं जमलेलं लग्नही त्याच कायद्याखाली मोडलं, कारण मुलगा लिमानीचा होता. मुलगा पुढे मेलबर्नला गेला. फोतिनी राहिली, आईचे पाय चेपत, शेळ्या बांधत. एकदा बाप ईस्टरला वर आला होता म्हणे, खिडकीखाली उभा राहून त्याने तिला हाक मारली होती. आईने खिडकीला आतून पाठ लावली आणि फोतिनी चुलीपाशी बसून राहिली. तो मेला तेव्हा त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि दफनालाही गेल्या नाहीत.

आजसाठी तिने आईकडे एकच गोष्ट मागितली होती. डोकं मी उचलणार. हाडं निघताना डोकं पहिलं निघतं, ते घरातल्या बाईने उचलायचं, कपाळाचं चुंबन घ्यायचं, कापडात गुंडाळायचं. आईने परवानगी दिली होती. उपकार केल्यासारखी, पण दिली होती.

"पुष्कळ वेळ धरून बसू नकोस," कालिरोई आत्ता मागे न बघता म्हणाली. "लोक बघत असतात."

"नाही बसणार," फोतिनी म्हणाली.

लिमानीच्या धक्क्यावर याकूमिसला व्हॅन हळू करावी लागली. सप्टेंबर होता तरी खुर्च्या अजून रस्त्यात होत्या, आणि खुर्च्यांत ती नेहमीची गोरी मंडळी, सकाळी दहा वाजता तळलेले मासे खाणारी. कालिरोईने काच वर केली.

"बघ, बघ. जेवणाचे फोटो लावलेत बाहेर. आंधळ्यांचं गाव आहे का हे? ताटात काय आहे ते फोटो बघून कळतं होय यांना?"

तेवढ्यात कॉफीवाला स्तेलिओस ट्रे घेऊन रस्त्याच्या मधोमध आला आणि बोनेटवर थाप मारून ओरडला, "याकूमिस! आज गुरुवार नाही, तू कसा रे इकडे?"

याकूमिसच्या मानेवर घाम आला. तो एक्कावन्न वर्षांच्या फोतिनीपेक्षा चारच वर्षांनी लहान, डोक्यावरचे केस गेलेले, दोन मुलं अथेन्सला शिकायला, आणि तरी आईशेजारी बसला की शाळेतून पळून आल्यासारखा दिसायचा. गुरुवारी तो मासळी आणायला लिमानीला यायचा हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मासळी घ्यायला पाव तास लागतो, मग बाकीचा वेळ कुठे जातो हे कोणी विचारलं नव्हतं. उरलेला वेळ तो बापासमोर बसून जेवायचा. पंचवीस वर्षं. बापाशी त्याचं फारसं पटायचंही नाही, पण अनेझिना स्वयंपाक उत्तम करायची आणि कोणाचा कोण हे तिथे कोणी विचारत नव्हतं. वासोला त्याने लग्नानंतर सांगितलं. फोतिनीला सांगायचं रोज ठरवलं आणि रोज राहून गेलं. आमच्या घरातल्या पुरुषांचं हे असंच. डोंगराएवढं करायचं मनात आणतात आणि जेवून झोपतात.

"काय म्हणाला तो?" कालिरोईने विचारलं.

"काही नाही. मासे ताजे आहेत म्हणतोय."

मागच्या सीटवर वासोने गव्हाच्या ताटावरचं फडकं फार काळजीपूर्वक सारखं केलं.

कबरस्तान गावाच्या टोकाला होतं, खाली समुद्र, वर सायप्रसची चार झाडं. फाटकातून आत शिरताच कालिरोई थांबली. कबरीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बुटकी म्हातारी बसली होती. अंगावर काळं नव्हतं, निळा झगा होता. पायाशी वाइनची बाटली आणि पत्र्याचा डबा. तिनेही हाडांसाठी डबा आणला होता.

"या, बसा," अनेझिना म्हणाली. "दमला असाल. अठ्ठावीस वर्षं लागली यायला."

"मी तुझ्याशी बोलायला आलेले नाही," कालिरोई म्हणाली. "माझी वस्तू घ्यायला आलेय."

"घे की. माझी वापरून झालीय."

पाद्री पापा-लुकास तरुण होता आणि घाईत होता, दुपारी त्याच्याकडे एक बारसं होतं. त्याने दोघींकडे बघितलं, डबा बघितला, पेटी बघितली, आणि लग्नाच्या बायकोचा हक्क पहिला असं काहीतरी पुटपुटून कबर खणणाऱ्याला खूण केली. अनेझिनाने खांदे उडवले. ती भांडायला आलेलीच नव्हती. गेल्या तीन वर्षांत रोज संध्याकाळी इथला दिवा तिने लावला होता, पण तो लावताना तिला रडू कमी यायचं आणि गुडघे जास्त दुखायचे. डबा तिने आणला होता तो या डोंगरवाल्या ऐनवेळी आल्याच नाहीत तर, म्हणून. आणि खरं सांगायचं तर, या बाईला एकदा जवळून बघावं म्हणूनही. जिच्याशी आपली तुलना रोज होत होती ती असते तरी कशी! बघितलं तर अगदीच साधी म्हातारी निघाली, हनुवटीवर केस असलेली. अनेझिनाची निराशा झाली.

कुदळीचा आवाज बदलला. फळी लागली. फोतिनी पुढे झाली, कापड दोन्ही हातांवर पसरून. खणणाऱ्याने फळी उचलली, आत वाकला, आणि मग सरळ उभा राहून त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"पाद्रीबाबा," तो म्हणाला, "हे अजून व्हायचंय."

मातीने काहीच केलं नव्हतं. कोट होता, बूट होते, छातीवर घडी घातलेले हात होते. चेहरा सुकलेल्या अंजिरासारखा आक्रसून काळा पडला होता, पण चेहरा होता. मिनासच्या त्या जाड, मधे जुळलेल्या भुवया जिथल्या तिथे होत्या.

आणि मग एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या, पाद्र्याची, खणणाऱ्याची, याकूमिसची, शेजारच्या कबरीवर पाणी घालणाऱ्या दोन बायकांची. सगळे कालिरोईकडे बघत होते. लिमानीलासुद्धा तो शाप माहीत होता. शाप डोंगर उतरून नवऱ्याच्याही आधी बंदरावर पोचला होता.

कालिरोईचा चेहरा उजळला. लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. तिने पेटी काखेत मारली, क्रूसाची खूण केली आणि अनेझिनाकडे बघून म्हणाली, "पाहिलंस? तू त्याला अठ्ठावीस वर्षं ठेवलंस. मी एका वाक्यात ठेवला."

"पाहिलं," अनेझिना म्हणाली.

"माझा शब्द मातीनेही मोडला नाही."

"आई, हळू," याकूमिस म्हणाला.

"का हळू? आयुष्यभर लोक मला हसले. नवरा सांभाळता आला नाही म्हणून हसले. या म्हणावं आता, बघा म्हणावं."

वासोला राहवेना. "सासूबाई, हे औषधांमुळे होतं हो. शेवटची दोन वर्षं त्यांना केवढी औषधं चालू होती. त्यात ही माती ओली, शेजारी समुद्र. पिरेअसला माझ्या काकांचं..."

"तुला काय माहीत त्यांना कोणती औषधं चालू होती?" फोतिनीने विचारलं.

वासोची नजर नवऱ्याकडे गेली. फोतिनीने भावाकडे बघितलं. तो समुद्राकडे बघत होता.

पापा-लुकास खाकरला. "तर आता असं आहे. पुन्हा झाकावं लागेल. दोन वर्षं, कदाचित तीन. मग बघू."

"झाकावं लागेल म्हणजे?" कालिरोई म्हणाली.

"म्हणजे आज नेता येणार नाही, आजी. मांस असलेला देह अस्थिघरात नेता येत नाही. वरच्या गावी नेऊन पुरायचा तर तुमच्याकडे जागा नाही, परवानगीही मिळायची नाही. इथेच राहू दे."

"इथे? हिच्याकडे?"

"मातीत, आजी. कोणाकडे नाही."

कालिरोईला हे समजायला वेळ लागला. पण समजलं तेव्हा ती होती तिथेच खाली बसायला लागली. वासोने धावत जाऊन अनेझिनाची खुर्ची ओढली आणि सासूच्या खाली सरकवली. कालिरोई त्या खुर्चीत बसली, कोणाच्या खुर्चीत आपण बसतोय हे न बघता. दोन वर्षं. तिच्याकडे दोन वर्षं नव्हती, हिवाळ्याची लाकडंही नव्हती. चौकात बायका जमणार होत्या. ती रिकामी पेटी घेऊन उतरणार होती. आणि मग ती मरणार होती, वर, एकटी, शेजारचा झाडलेला कोनाडा रिकामा ठेवून. आणि हा इथे लोळणार होता, समुद्राच्या वाऱ्यात, या निळ्या झग्यावालीच्या शेजारी. कोणी ठेवला होता त्याला इथे? स्वतः तिनेच. एवढं मोठं शहाणपण आमच्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं, आणि आमच्या घरात स्पर्धा कमी नव्हती.

"लोक म्हणतात ते मी मानतोच असं नाही," पापा-लुकास म्हणाला, "पण कोणी कधी रागाच्या भरात काही बोललं असेल तर ते इथे परत घ्यावं. मी प्रार्थना म्हणतो. तुम्ही फक्त म्हणायचं, माफ केलं. मातीला मोकळीक मिळते."

"म्हणजे मी माफ करायचं, माती त्याला खाणार, आणि खाणार ती इथेच?"

"हो."

"मग नाही करत. राहू दे असाच."

"आजी!"

"बाई, उगाच एवढी फुगू नकोस," अनेझिना म्हणाली. खुर्ची गेल्यामुळे ती कबरीच्या कडेच्या दगडावर बसली होती. "शाप तुझा एकटीचाच आहे असं कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"मीसुद्धा दिलाय. हाच. अगदी हेच शब्द. आणि तुझ्यापेक्षा ताजा आहे माझा, मरायच्या आधीच्या वसंतातला."

कालिरोई खुर्चीत सरळ झाली. "तू? तुझा काय संबंध? तुला काय केलं त्याने?"

"काय केलं? अगं, सकाळी सहा वाजल्यापासून ऑक्टोपस शिजवला होता मी. एक घास खाल्ला आणि ताट ढकललं. म्हणतो, कालिरोईच्या हाताला चव होती. रोजचं होतं ते. कालिरोईच्या भाकरीला असा पापुद्रा यायचा, कालिरोई पांढरे कपडे कसे धुवायची. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, माती तुला न खावो, मिनास."

कालिरोईच्या नाकातून एक आवाज निघाला. "माझ्या हाताला चव होती म्हणाला?"

"रोज."

"माझ्याकडे होता तेव्हा त्याला त्याच्या आईच्या हातची चव आठवायची."

अनेझिना हसली. कालिरोईही हसणारच होती, आणि तसं झालं असतं तर कदाचित त्या दिवशी सगळंच निराळं झालं असतं. पण आमच्या घरात चांगलं व्हायला लागलं की कोणीतरी पुरावा मागतं.

"खोटं बोलतेस," कालिरोई म्हणाली. "माझा शाप चोरायला बघतेस. नवरा चोरून भागलं नाही."

"खोटं? याकूमिसला विचार. त्या दिवशी समोरच जेवत होता की तो."

समुद्रावर एक बोट भोंगा वाजवत होती. कालिरोईने मान हळूहळू मुलाकडे वळवली.

"कुठल्या दिवशी?"

"आई..."

"दर गुरुवारी यायचा," अनेझिना म्हणाली. आपण काय बोलून बसलो हे तिला आत्ता कळत होतं, पण तोंडाबाहेर गेलेलं आत घेता येत नाही. "मुलगा होता. बापाकडे आला. मी काय दार लावू?"

"मासे आणायला जायचास ना रे तू?"

"मासेही आणायचो," याकूमिस म्हणाला.

"साफ मी करून द्यायचे," अनेझिना म्हणाली. "तुला काटे चालत नाहीत ना, म्हणून नीट बघून."

पंचवीस वर्षांचे गुरुवार कालिरोईच्या घशाशी आले. तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं, जणू शेवटचा घास अजून ओठावर होता. "आणि तू?" ती वासोवर गरजली. "तुलाही माहीत होतं?"

"मी घरात भांडणं नकोत म्हणून..."

"भांडणं नकोत! पिरेअसची शहाणी! सगळे मिळून मला मूर्ख बनवत होतात. अगं फोतिनी, बघ ही तुझी माणसं! फोतिनी?"

फोतिनी तिथे नव्हती. म्हणजे होती, पण खाली. हे सगळे एकमेकांचे हिशोब मांडत असताना ती कबरीच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात मातीत टेकवून, आत वाकून. कापड बाजूला पडलं होतं. ती बापाकडे बघत होती.

तिला वाटलं होतं एक डोकं मिळेल, कोणाचंही असू शकेल असं. त्याऐवजी भुवया मिळाल्या. डाव्या कानाची मुडपलेली पाळी मिळाली, जी लहानपणी ती खांद्यावर बसून ओढायची. बाप म्हातारा झाल्यावर कसा दिसत असेल हे तिने इतक्या वर्षांत शंभर प्रकारे मनात रंगवलं होतं, आणि त्यातला एकही प्रकार खरा नव्हता. केस तर तसेच राहिले होते, दाट. ती मनात म्हणाली, बाबा, केस गेले नाहीत तुमचे. याकूमिसचे गेले.

"फोतिनी, ऊठ," कालिरोई म्हणाली. "बघू नकोस."

"का? पळून जातील?"

तो आवाज आमच्या घरात कोणी कधी ऐकला नव्हता. याकूमिस दोन पावलं पुढे आला.

"ताई, ऐक ना. मी सांगणार होतो तुला. खरंच. तू आईला सांगशील म्हणून..."

"तू जेवत होतास," फोतिनी म्हणाली. तिने वर बघितलं नाही. "दर गुरुवारी तू व्हॅनमधून उतरायचास, मी तुझ्या हातातून मासे घ्यायचे. तळायचे. तू म्हणायचास, मला भूक नाही ताई. मला वाटायचं तू थकलास. मी तुला पुदिन्याचा काढा करून द्यायचे."

याकूमिसला खरंच रडू आलं, पण रडायची ही त्याची पाळी नव्हती हे एवढं तरी त्याला कळलं.

"मी तुझं ऐकलं, आई," फोतिनी म्हणाली. "या सगळ्यांत मी एकटीने ऐकलं. ते खिडकीखाली उभे राहिले होते आणि मी चुलीपाशी बसून राहिले, तू सांगितलंस म्हणून. मेले तेव्हा खिडक्या लावल्या, तू सांगितलंस म्हणून."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"नाही. तुझ्यासाठी."

पापा-लुकासने घड्याळाकडे बघितलं आणि मग घड्याळाकडे बघितल्याची त्याला लाज वाटली. त्याने गळ्यातली पट्टी नीट केली. "मी प्रार्थना सुरू करतो. आधी अनेझिनाबाई, तुम्ही."

"माफ केलं," अनेझिना लगेच म्हणाली. "ऑक्टोपसही माफ केला. जा, मिनास, माती तुला खावो." आणि ती डोळे पुसू लागली, ज्याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"आजी?"

कालिरोईने ओठ आवळून घेतले. पेटी मांडीवर, हात पेटीवर. डोंगरातल्या बायकांचा हट्ट काय असतो हे लिमानीच्या त्या दोन पाणी घालणाऱ्या बायकांनी त्या दिवशी पाहिलं आणि पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

पाद्र्याने उसासा टाकला. "बरं. आणखी कोणी? घरातलं कोणी कधी काही बोललं असेल, मनात धरलं असेल, तर आत्ता सांगून टाका. फोतिनी, मुली, तुझं काही आहे यांच्यावर?"

"माझं यांच्यावर काही नाही," फोतिनी म्हणाली. ती अजून वाकलेलीच होती. तिने हात लांब करून बापाच्या कोटाच्या कॉलरवरची माती बोटांनी झटकली, लग्नाला निघालेल्या माणसाची झटकावी तशी. "माझं आहे ते आईवर."

"फोतिनी!" वासो म्हणाली.

"मी कधी ओरडले नाही चर्चच्या पायरीवरून. पण म्हटलंय मनात. पुष्कळदा म्हटलंय. तिचे पाय चेपताना म्हटलंय." तिचा आवाज अगदी साधा होता, शेळ्यांना चारा घातला असं सांगावं तसा. "तिला मातीत घालायच्या आधी मला ते परत घ्यावं लागेल, पाद्रीबाबा. नाहीतर तीन वर्षांनी उघडायला मीच असणार आहे, दुसरं कोण आहे? पण आज नाही जमणार."

कालिरोईचा हात पेटीवरून घसरला. सायप्रसच्या झाडावर कावळे होते, खाली धक्क्यावर कोणीतरी परदेशी भाषेत हसत होतं, आणि ती आपल्या मुलीच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. त्या पाठीवर ती एक्कावन्न वर्षं विसंबून होती आणि तिच्याकडे तिने आज पहिल्यांदा बघितलं. तिला भीती वाटली. मरणाची नाही. मेल्यानंतरची.

ती उठली. याकूमिसने हात दिला तो तिने झिडकारला. पेटी खाली पडली, कडी वाजली, कोणी उचलली नाही. कबरीपाशी येऊन ती उभी राहिली.

"माफ केलं," ती म्हणाली. आवाज फुटला म्हणून तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, लिमानीच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या. "माफ केलं, मिनास. माझं बोलणं मी परत घेते. माती तुला खावो. इथेच खावो."

हे बोलताना ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती फोतिनीकडे बघत होती, आणि बोलून झाल्यावरही बघत राहिली, पाद्र्याची प्रार्थना संपेपर्यंत, खणणाऱ्याने फावडं हातात घेईपर्यंत. फोतिनीने वर पाहिलं नाही. तिला बापाला बघायचं होतं आणि फळी परत बसायला आता थोडाच वेळ होता.